नव्या टायरखालची लिंबं

मंडळी, आज इथे ऑस्ट्रेलियात, टूवूंबात निखिलच्या स्पोर्ट्स कारला नवे टायर बसवले. निखिल माझा नवरा. आईला बघायला पुण्याला गेला आणि गेल्या महिन्यात तिथेच कोविडने गेला. बॉर्डर बंद, मला जाता आलं नाही.

"परफॉर्मन्स टायर की ऑल-सीझन?" टायरवाल्याने विचारलं.

"ऑल-सीझन. थंडीत सकाळी रस्ता निसरडा असतो, आणि नवरा फार जोरात चालवतो."

चालवतो!

टायर बसल्यावर चाकांखाली लिंबं ठेवली. आमच्याकडे लिंबं मी ठेवायचे, गाडी निखिल पुढे घ्यायचा. आजही ठेवून झाल्यावर सवयीने बाजूला झाले आणि गाडी हलायची वाट बघत उभी राहिले.

"ऑल गुड, लव्ह?" टायरवाल्याने इथल्या पद्धतीने हाक मारली.

तुमचंही होतं का हो असं? किल्ली माझ्याच मुठीत होती.