गुलाबकाका की दिन्या

आमचं सामान टेम्पोत चढवायला गल्लीतलं कोणीही आलं नाही. ज्या गल्लीत एखाद्याचं कपाट हलवायचं म्हटलं तरी चार घरची माणसं "थांबा गा, पडन" म्हणत धावायची, त्याच गल्लीत आईनं आणि मी लोखंडी कपाट फरशीवरून खरडत बाहेर ओढलं. दारादारांत माणसं उभी होती. माझा धाकटा भाऊ दिनेश डोक्यावर गाद्या घेऊन खाली मान घालून येत-जात होता. बाबांनी हातमाग घरातच सोडला, त्याच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. ड्रायव्हरनं पुढे बसा म्हटलं, तर ते मागे सामानात जाऊन बसले, गल्लीकडे पाठ करून. आई मला म्हणाली, "वाडीलेच तर चाललो वं, विलायतेले नाही."

वाडी म्हणजे अमरावती रोडवरची, ट्रकांची आणि गोदामांची. नागपूरच ते. सिटी बसनं जाता येईल एवढ्या अंतरावर जाण्याला मी स्थलांतर म्हणते, तेव्हा लोकांना हसू येतं. हसा. पुढे मी मस्कतला आले, विमानानं, व्हिसा घेऊन, पण त्या प्रवासात मला काही झालं नाही. जे व्हायचं ते त्या टेम्पोत होऊन गेलं होतं.

हे लिहितेय ते तुमच्यासाठी, जे अजून त्या मोहल्ल्यात आहात, आणि पुण्याला, बंगलोरला, दुबईला पांगलात त्यांच्यासाठीही. कारण या वर्षी आपल्या फुटबॉल क्लबच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणीतरी पुन्हा तोच प्रश्न टाकला: विणकर इलेव्हनचा आजवरचा सगळ्यात मोठा गोलकीपर कोण? खाली लगेच अंगठे आणि हसरे चेहरे सुरू. माझं डोकंच फिरलं. ज्या प्रश्नापायी एका माणसाचा डोळा गेला आणि आमचं घर गेलं, त्यावर तुम्ही अंगठे दाखवता?

विसरला असाल तर सांगते. जुन्या लोकांचं मत गुलाबकाकांना. काका आमच्या शेजारचे, बाबांसारखेच मागावर बसणारे, आणि तरुणपणी क्लबचे कीपर. मुरमाच्या मैदानावर अनवाणी खेळायचे. गोलरेषेवर असे उभे राहायचे की फॉरवर्ड बिचकायचा. एकदा खांबावर डोकं आपटून बेशुद्ध पडले, तरी हातातला बॉल सोडवायला दोन माणसं लागली, असं बाबाच सांगायचे. तरुण पोरांचं मत माझ्या भावाला. दिनेश रेषेवर थांबायचाच नाही. धावत पुढे यायचा आणि फॉरवर्डच्या पायांत तोंड खुपसून बॉल उचलायचा. लाथा खायचा. त्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं, नाक दोनदा फुटलं, आणि घरी येऊन तो हसायचा. त्याला हे शिकवलं कोणी, तर गुलाबकाकांनीच. म्हणजे भांडण गुरू-शिष्याचं नव्हतंच. भांडण चहाच्या टपरीवरच्या लोकांचं होतं.

आणि आपलं भांडण काय शब्दांचं असतं थोडंच? "गुलाबले हात होते बे, दिन्याले नुसते पाय आहे," असं कोणी म्हणायचा अवकाश, की ग्लास फुटायचा. मी बारावीला असताना टपरीवाल्याचा बाक या प्रश्नावरून मोडला. एकाचा दात पडला आणि तो दात खिशात घालून त्यानं वाद पुढे चालू ठेवला. दुसऱ्या दिवशी दोघंही एकाच सायकलवर. आम्हाला त्यात वावगं काही वाटत नव्हतं. आता नर्स म्हणून दवाखान्यात मारामारीत फुटलेली तोंडं शिवताना वाटतं, की आपल्याला तेव्हाच लाज वाटायला हवी होती.

मग ती फायनल झाली. शेवटची मिनिटं होती, समोरच्या पोरानं मारलेला शॉट इतका मरतुकडा होता की माझ्या आईनंही तो पायानं अडवला असता. बॉल घरंगळत आला आणि दिनेशच्या दोन्ही पायांमधून आत गेला. आपण हरलो. त्या दिवशी त्याला कोणी मारलं नाही, हेच मला विचित्र वाटलं होतं. राग साठवून ठेवला होता, पोळ्याची वाट पाहत.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते. बाहेरच्यांना हे समजावून सांगावं लागतं. काळी आणि पिवळी, असे दोन मोठे पुतळे वाजतगाजत गावाबाहेर नेतात आणि जाळतात. "घेऊन जा गे मारबत" अशा आरोळ्या असतात, म्हणजे रोगराई घेऊन जा, महागाई घेऊन जा. सोबत पोरं स्वतःचे पुतळेही काढतात, त्याला बडग्या म्हणतात. बडग्या भ्रष्ट पुढाऱ्याचा निघतो, साथीच्या तापाचा निघतो. ज्याचा बडग्या निघाला ते गावाबाहेर गेलं, परत यायचं नाही, असा त्याचा अर्थ. आपल्याच मोहल्ल्यातल्या जित्या माणसाचा बडग्या कोणी काढत नाही. हे कुठं लिहिलेलं नाही, कारण लिहायची गरज कोणाला वाटली नव्हती.

त्या वर्षी पोरांनी दिनेशचा बडग्या काढला. तणसानं भरलेला, अंगात हिरवी जर्सी, हातांत ग्लोव्ह्ज, आणि फाकवलेल्या पायांमध्ये खिळ्यानं ठोकलेला फुटका बॉल. पुढारी होता मुन्ना, गुलाबकाकांचा पुतण्या. मुद्दाम आमच्या दारासमोर मिरवणूक थांबवली. ढोल-ताशे, नाच, आणि प्रत्येक जण चप्पल काढून त्या पुतळ्याच्या तोंडावर हाणतोय. "दिन्याले घेऊन जा गे मारबत!" दिनेश आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसला होता. आरोळी झाली की त्याच्या पाठीला झटका बसायचा, तो मी पाहत होते.

बाबा मागावरून उठले. मागाचा एक सुटा लाकडी दांडा कोपऱ्यात उभा असायचा, तो त्यांनी उचलला. माझे बाबा कधी टपरीवरच्या भांडणातही पडले नव्हते. मी "बाबा, नका" म्हणेपर्यंत ते रस्त्यावर होते.

तेवढ्यात गर्दीच्या दुसऱ्या बाजूनं गुलाबकाका घुसले. "उतरवा थे! माह्या पोट्ट्याचा बडग्या काढता काय बे?" मुन्नाच्या कानाखाली एक वाजवली आणि पुतळा खाली ओढायला लागले. बाबांना ते दिसले नाहीत. त्यांना फक्त मुन्ना दिसत होता. दांडा फिरला. काकांनी तो येताना पाहिला, आणि आयुष्यभर जे केलं तेच केलं. आडवे झेपावले. चेहरा मध्ये घातला.

डोळ्यावर लाकूड बसतं त्याचा आवाज फार मोठा नसतो. ढोल वाजतच राहिला, मागच्यांना काही कळलंच नव्हतं. काका रस्त्यावर बसले, तळवा डोळ्यावर, आणि रक्त बोटांतून कोपरापर्यंत. मग मोहल्ला बाबांवर तुटून पडला. त्यांच्या बरगड्या मोडल्या. दिनेश बाहेर आला, त्यानं मुन्नाला खाली पाडून त्याचं डोकं रस्त्यावर आपटलं, आणि चौघांनी दिनेशला लाथांनी तुडवलं. आई कौल घेऊन धावली, कोणाला लागलं देवाला ठाऊक. मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होते. मी ओढणीचा बोळा करून काकांच्या डोळ्यावर दाबून धरला, आणि दाबताना मला समजलं, की खाली दाबण्यासारखं काही उरलेलं नाही.

पोलिसांना काकांनी सांगितलं, प्रॅक्टिस करताना बॉल लागला. हवालदार म्हणाला, "मारबतीच्या दिवशी कोण प्रॅक्टिस करते?" काका म्हणाले, "कीपर करते."

जा म्हणून आम्हाला कोणीच सांगितलं नाही. बाबांनीच ठरवलं. "पोराचा बडग्या निघाला अन् माणसाचा डोळा म्या फोडला. आता इथं कोन्या तोंडानं राहू?" एवढं बोलले, आणि त्यानंतर मरेपर्यंत त्यांनी हा विषय काढला नाही. ते वाडीतच वारले, एका गोदामाची चौकीदारी करत. मोहल्ल्यात आम्ही कळवलंही नाही. बाबांचा मला राग आहे, अजूनही. मुन्नाचाही आहे. आणि दोघांबद्दल वाईटही वाटतं, काय करणार.

वाडीत सगळेच कुठून कुठून आलेले. भाड्याच्या खोल्या, दिवसभर रिव्हर्स घेणाऱ्या ट्रकांची पिरपिर. दिनेश आधी माल चढवायचा, आता गोदामात सुपरवायझर आहे. त्यानं पुन्हा बॉलला हात लावला नाही. मोहल्ल्यातल्या लग्नालाही गेला नाही. जेवणाच्या सुटीत कोणी ओळखीचा भेटला आणि तो जुना प्रश्न निघाला, की "गुलाबकाका" म्हणायचा आणि डबा घेऊन उठून जायचा. भांडायचा हक्कच त्यानं सोडून दिला होता. मारबतीनं त्याला खरंच नेलं की काय, असं मला वाटायचं.

मस्कतमध्ये मी इमर्जन्सीत ड्यूटी करते. तिथले माझे केरळचे सहकारी ब्रेकमध्ये कुठल्या कुठल्या परदेशी क्लबच्या कीपरवरून वाद घालतात. छान घालतात, मोबाइलवर व्हिडिओ दाखवून. आवाज चढला की मी उठून मध्ये जाऊन उभी राहते. "सिस्टर, रिलॅक्स, इट्स ओन्ली फुटबॉल," असं एकदा एक जण म्हणाला.

या वर्षी मी रजेवर आले तेव्हाच ग्रुपवर तो प्रश्न पडला. दिनेशनं मत दिलं: गुलाबकाका. दुसऱ्याच दिवशी मुन्नाचा फोन. "ताई, काका म्हणते, दिन्याले घेऊन मैदानावर ये." दिनेशला वाटलं, काकांचा सत्कार असेल. त्यानं दाढी केली, शाल आणि नारळ घेतला. मला वेगळंच वाटत होतं. मी पर्समध्ये बँडेज ठेवलं, खोटं नाही सांगत.

मैदान तेच, मुरमाचं. जुनी मंडळी कठड्यावर बसली होती, पोरं उभी होती. मुन्नाचे केस पिकलेत. काका खुर्चीत, म्हातारे, हडकलेले, आणि एक पापणी आत बसलेली. दिनेश त्यांच्या पाया पडायला वाकला. काकांनी त्याची कॉलर धरून त्याला वर ओढलं आणि खाडकन तोंडात मारली. ओठ फुटला. शाल खाली पडली.

"मले मत काहून दिलं बे?"

काकांनी दुसरी मारली. मी पुढे धावले तर मुन्नानं माझा दंड धरला. "थांब ताई. त्याहिले बोलू दे."

"डोळा माहा गेला, अक्कल नाही गेली. फुटक्या डोळ्याचा मी सगळ्यात मोठा कीपर झालो काय? दया करून राहिला का माह्यावर? इतके वर्ष झाले, कोनी माह्याशी भांडतच नाही. जो येते थो म्हणते, काका, तुम्हीच. अरे, ह्या लोकायनं मले जित्तेपनी हार घालून फोटोत बसवलं! खेळावर बोल. बोल म्हणतो ना!"

दिनेशनं ओठावरचं रक्त मनगटानं पुसलं. मग म्हणाला, हळूच, "काका, तुम्ही लाईन सोडून कधी बाहेर आले का?"

"काय म्हणाला?"

"कॉर्नरले तुम्ही खांबाले चिकटून राहत होते. बाबा सांगत होते मले. हवेतला बॉल तुमच्या बापानं नाही धरला!"

बापावर गेला. मी डोळेच मिटले. काका खुर्चीतून उठले, त्याच्या छातीवर दोन्ही हातांनी धक्का दिला आणि ओरडले, "अन् तुह्या पायातून बैलगाडी जात होती, थे?" दिनेशही ओरडला, की मैदान उंचसखल होतं, बॉल उसळला. कठड्यावरचे म्हातारे खाली उतरले. कोणी दिनेशच्या बाजूनं, कोणी काकांच्या. कोणाची तरी टोपी उडाली. मुन्ना माझा दंड सोडून मध्ये घुसला आणि स्वतःच्या काकांनाच म्हणाला, "पोट्टा खरं बोलून राहिला ना गा, तुम्ही कुठं बाहेर येत होते?" त्याच्या कानाखाली काकांनी तिथंच वाजवली.

मी बाजूला उभी राहून रडत होते. वाडीला गेल्यापासून दिनेशचा एवढा मोठा आवाज मी ऐकलाच नव्हता. फुटक्या ओठानं, मानेच्या शिरा ताणून तो भांडत होता, आणि म्हातारा एका डोळ्यानं त्याच्याकडे असा पाहत होता जसं पोटभर जेवायला मिळालंय.

मस्कतला माझ्याशी सगळे अदबीनं बोलतात. वाडीतही बोलतात. परक्याशी बोलावं तसं. घर म्हणजे काय, असं मला कोणी विचारलं तर आता मी एवढंच सांगेन, की जिथं माझा भाऊ हार मानत नाही, ते.

आणि ग्रुपवर मी मत दिलं नव्हतं, ते इथं देते. माझं मत दिन्याला. ज्याला पटत नसेल त्यानं पोळ्याला मैदानावर यावं, मी रजा टाकली आहे.