राणीच्या आईचं शेवाळ

टोफूपेक्षा जीभच जास्त चालते आपली, असं मालदक स्वतःबद्दल सांगायची. राजधानी हानयांगच्या पश्चिम वेशीबाहेर तिचं छोटं दुकान होतं. पहाटे सोयाबीन दळायचं, दूध उकळून नासवायचं, वड्या पाडायच्या, आणि मग उरलेला दिवस बाजाराशी भांडायचं. मुळेवाला तिला लांबून येताना पाहिलं की भाव चढवून ठेवायचा, म्हणजे तिनं पाडला की तो पहिल्या जागेवर येई. मालदकला हे ठाऊक होतं. बाजारातली महागाई आपल्यामुळेच आहे, हे ती मोठ्या ऐटीत सांगायची.

अशा बाईची लेक ओकदान. लहानपणीच राजवाड्याच्या शिवणघरात कामाला गेली होती. पुढे राजाच्या नजरेत भरली आणि धाकट्या राण्यांत जाऊन बसली. बातमी आली त्या दिवसापासून तिचा बाप छिलबोक यानं गवताच्या चपला वळणं सोडलं आणि ओटीवर चिलीम ओढत बसायला लागला. मालदकही काही कमी नव्हती. राणीची आई म्हणून रेशमी घागरा नेसून जात्यावर बसली. दुपारपर्यंत घागऱ्यावर सोयाबीनचं दूध वाळून पापड झाला. गिऱ्हाईक वाढेल ही आशाही फोल ठरली. लोक राणीच्या आईला बघायला येत आणि टोफू शेजारच्या दुकानातून घेत.

पण हसण्यासारखं नव्हतं असंही एक होतं. ओकदानला पुन्हा दिवस गेले होते आणि मागच्या वसंतात तिचं एक मूल पोटातच गेलं होतं. मालदकच्या काळजात तिची स्वतःची दोन होती, ओकदानच्या आधीची, एकही श्वास न घेतलेली. तेव्हा छिलबोकनं बाळंतिणीचं शेवाळ, म्हणजे जिचं कढण बाळंतिणीला पाजतात ती समुद्रातली वाळवलेली लांब पात, पाठीवरच्या टोपल्यात मावावं म्हणून दुमडून आणलं होतं. ओकदानच्या वेळी मालदकच्या सासूनं ते अख्खं आणून सामशिन आजीपुढे ठेवलं. बाळं जगात आणणारी ती आजी. तिनं ऐकलं. मालदकच्या मनात हे पक्कं बसलं होतं.

राणीचं बाळंतपण जवळ आलं की तिच्या आईला वाड्यात बोलावतात. तसं बोलावणं आलं आणि मालदक तडक शेवाळ विकणाऱ्या कांगकाकूच्या दुकानी गेली. बाळंतिणीचं शेवाळ अख्खं घ्यायचं, मोडायचं नाही, दुमडायचं नाही आणि त्याचा भाव तर मुळीच करायचा नाही. हे पोरीसोरींनाही माहीत. कांगकाकूनं माणसाच्या उंचीचं, काळंभोर शेवाळ काढून दाखवलं. मालदकनं बोटांनी चाचपलं आणि तोंडातून सवयीनं निघालं, "एवढं कसलं गं? टोकाला तर पातळ आहे."

कांगकाकूचे हात थांबले. "मालदक, हे लेकीसाठी आहे ना?"

मालदकनं स्वतःच्या तोंडावर चापट मारून घेतली. मग कांगकाकूनंच तोड काढली. आत्ता तू आलीच नाहीस असं समजू, विहिरीला वळसा घालून पुन्हा ये. मालदक गेली, ओठ दातात घट्ट धरून परत आली आणि मागितलं तेवढं देऊन शेवाळ घेतलं. वाटेत तिच्या मनात आलं, सामशिन आजीला विहिरीपलीकडचं ऐकू येत नसेल कशावरून? तिनं तिथंच हात जोडले आणि सांगितलं, जिभेची शिक्षा जिभेला दे, पोरीला नको.

न्यायला वाड्यातून मेणा आला. मेण्यात एक तर मालदक मावत होती, नाही तर शेवाळ. दोघं बसली तेव्हा शेवाळाची शेंडी खिडकीबाहेर हलत राहिली. भोई पुढून मागे विचारत होते, आत बाई आहे की मासा? मालदकला हसू येत होतं, पण मेण्याच्या हेलकाव्यांनी पोटातलं सगळं वर आलं होतं. जन्मात पहिल्यांदा मेण्यात बसले आणि आत बसून ओकते आहे, काय हा राजयोग, असं ती मनाशी म्हणाली.

आतल्या दाराशी राणीवशाची कारभारीण हान उभी होती. ताठ, इस्त्री केल्यासारखी बाई. तिनं शेवाळाकडे पाहिलं. बाहेरचं खाणं आत येत नाही, वाड्याच्या कोठारात उत्तम शेवाळ आहे, म्हणाली.

"अख्खं आहे?" मालदकनं विचारलं.

"कापून डब्यांत नीट रचलेलं आहे."

आतून ओकदानचं कण्हणं ऐकू येत होतं. शेवाळ दारात टाकून आत धावावं, की हटून बसावं आणि दारातच राहावं? मग तिनं जे येत होतं तेच केलं. घासाघीस केली. मी आधी खाते, मेले तर तुम्हाला कळेलच. कारभारीण म्हणाली, तुम्ही मेलात तर राणीसाहेबांचा हात कोण धरणार? बरं, मालदक म्हणाली, मुदपाकखान्यात नको. शिजवायचंच नको. नुसतं सामशिन आजीच्या चौरंगावर राहील. त्याला कोणी तोंड लावणार नाही.

कारभारणीनं शेवाळाच्या शेंडीवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाली, "माझ्याही आईनं अख्खंच आणलं होतं. माझ्या बहिणीला." तिनं दोन दासींना बोलावलं आणि पुढून एकीनं, मागून एकीनं धरून शेवाळ आत नेववलं.

बाळंतपण कठीण गेलं. मालदकला "अगं" म्हणायची बंदी, म्हणून ती "राणीसाहेब, जोर लावावा" म्हणत होती आणि राणीसाहेब तिच्या मनगटात नखं रुतवत होत्या. मालदक एका डोळ्यानं लेकीकडे आणि एका डोळ्यानं चौरंगाकडे बघत होती. ऊन खिडकीच्या कागदावर चढलं तेव्हा बाळ रडलं. मुलगी होती. दासींचे चेहरे उतरले. मालदकला ते कळलंही नाही. ती फक्त लेकीची छाती वरखाली होते आहे ना, तेवढं बघत होती.

मग कारभारीण खाकरली. राजकन्या आहेत, आजीबाईंनी मुजरा करायला हवा.

मालदक तांबड्यालाल, मुठी आवळलेल्या त्या गोळ्यापुढे वाकली. गुडघे टेकले, हात टेकले, कपाळ टेकलं. आणि तिला काही वर उठता येईना. जन्मभर जात्यावर बसलेले गुडघे राजकन्येपुढे अडून राहिले. तिनं एकदा जोर लावला, दोनदा लावला.

"राणीसाहेब," ती जमिनीतूनच म्हणाली, "हिचे पाय धरायला आले, आता माझेच पाय कुणी तरी आणून द्या."

दोन दासींनी काखेत हात घालून तिला उपसलं, चिखलातल्या म्हशीसारखं. तिची केसांची गाठ सुटली, एक मोजा मागेच राहिला. अंथरुणावरून आधी खुसखुस ऐकू आली, मग ओकदान पोट धरून खळखळून हसायलाच लागली.

"आई गं, नको हसवूस. दुखतंय."

मालदकनं घाबरून कारभारणीकडे पाहिलं. हानबाई खिडकीशी जाऊन अंगणातलं काही तरी फार लक्षपूर्वक बघत होती.