आधी खाली बसा

लिफ्ट अडकली की आतला माणूस आधी सगळी बटणं दाबतो. मग दार बडवतो. मग फोन करतो, आणि फोनवरचं त्याचं पहिलं वाक्य बहुधा "मला उशीर होतोय" हे असतं. हे निरीक्षण एका लिफ्ट मेकॅनिकचं आहे. या कामात त्याचं अर्ध्याहून जास्त आयुष्य गेलं. त्याच्या हाताखाली शिकलेले लोक पाठीमागे त्याला 'बसामास्तर' म्हणतात, कारण अडकलेल्यांचा फोन आला की तो "हॅलो" म्हणत नाही. "आधी खाली बसा," म्हणतो.

बसलेला माणूस दाराशी झटापट करत नाही, एवढंच त्यामागचं शास्त्र. त्यानंतर तो सांगतो, दाराला हात लावू नका. मग सांगतो, कोणी येईपर्यंत बोलत राहा. एकटे असाल तर माझ्याशी बोला. एका बाईने त्याला अशा वेळी सासरची सगळी गाऱ्हाणी ऐकवली. लिफ्ट सुरू झाली तेव्हा गोष्ट जेमतेम मधल्या जावेपर्यंत आली होती, आणि तिला बाहेर पडायची काही घाई दिसेना.

दाराच्या बाबतीत मात्र तो विनोद करत नाही. दोन मजल्यांच्या मध्ये थांबलेल्या लिफ्टचं दार उघडलं की खालच्या मजल्याची फरशी दिसते आणि ती जवळ वाटते. माणूस कडेला बसतो, पाय सोडतो, उडी मारतो. पण लिफ्टचा तळ आणि ती फरशी यांच्यामध्ये जी मोकळी जागा राहते, तिच्यामागे थेट तळमजल्यापर्यंत पोकळी असते. तोल मागे गेला तर माणूस फरशीवर पडत नाही, तिच्या अलीकडून खाली जातो. नोकरीला लागला त्या सुमारास असा एकजण त्याने पाहिला होता. पाहिला म्हणजे खालून वर काढला होता. सिनेमा चुकेल म्हणून तो माणूस उतरत होता. नव्या मेकॅनिकांना शिकवताना ही हकिकत तो आवाज न चढवता सांगतो.

इतर बाबतींत तो आणि त्याचे सल्ले यांच्यात चारचौघांइतकंच अंतर आहे. जिने चढा, गुडघे टिकतील, असं शेजाऱ्यांना सांगून तो स्वतः पहिल्या मजल्यासाठीही लिफ्टची वाट बघत उभा राहतो. फोनवर हळू बोल, असं बायकोला सांगतो तेव्हा ते खालच्या घरात ऐकू जातं. सासूबाई त्यांच्याकडेच राहतात. त्या अशा वेळी "लोकां सांगे ब्रह्मज्ञान" एवढंच म्हणतात; पुढचं म्हणायची गरज पडत नाही. लिफ्टचं तेवढं वेगळं होतं. तो नियम घरात पाळला जाई. मुलगी शाळेत असताना एकदा अडकली, तर दप्तर मांडीवर घेऊन, खाली बसून पाढे म्हणत राहिली. हे त्याने कित्येक वर्गांत सांगितलं आहे.

गेल्या वर्षी त्या मुलीला परदेशात नोकरी लागली. करार दोन वर्षांचा, मध्ये सुट्टी नाही. विमानतळावर बायको जाणार होती, कारण बॅगा ठेवल्यावर टॅक्सीत एकाच माणसाची जागा उरत होती. त्याच्या वाट्याला आलं होतं ते लेकीला टॅक्सीत बसवणं.

मायलेकी बॅगा घेऊन आधी उतरल्या. रिकामी लिफ्ट वर आली तसा तो सासूबाईंना घेऊन शिरला. पाचव्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये खट् असा आवाज झाला आणि लिफ्ट थांबली.

"दाराच्या कुलपाचा कॉन्टॅक्ट सुटलाय," तो म्हणाला. या इमारतीच्या लिफ्टची देखभाल दुसऱ्या कंपनीकडे आहे, आणि त्या कंपनीबद्दलचं त्याचं मत सगळ्या इमारतीला तोंडपाठ आहे. "यांना साधी साफसफाई जमत नाही."

सासूबाईंनी भिंतीचा आधार घेतला आणि फतकल मारून बसल्या.

"आई, हे काय?"

"बसतेय. तुम्हीच सांगता ना."

त्याने लिफ्टमधलं मदतीचं बटण दाबलं. पलीकडून एका मुलीचा आवाज आला.

"सर, घाबरू नका. खाली बसून घ्या."

"मी घाबरलेलो नाही. मी स्वतः लिफ्टवाला आहे."

"हो सर. दाराला हात लावू नका. आमचा माणूस निघालाय."

"कुठून निघालाय?"

"निघालाय सर."

"अहो, मला उशीर होतोय!"

"ती पोर बरोबर सांगतेय," सासूबाई खालून म्हणाल्या.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. टॅक्सीवाला कुरकुरत होता, पुढे रस्त्यात गर्दी होती. लिफ्ट चौथ्याच्या वर अडकल्याचं त्याने सांगितलं. "बाबा, मी जिन्याने वर येते. लांबूनच टाटा करू."

"तू कशाला दमतेस? मीच येतो."

त्याने आतलं दार हाताने सरकवलं. चौथ्या मजल्याच्या दाराचा वरचा भाग आता समोर होता. कुलूप सोडवणारा रोलर कुठे असतो हे त्याला डोळे मिटूनही सापडलं असतं.

"जावईबापू, दाराला हात लावायचा नाही."

"आई, ते लोकांसाठी असतं."

"मग तुम्ही कोण?"

दार उघडलं. फरशी कमरेहून जरा जास्त खोल होती. तो कडेवर बसला, पाय बाहेर सोडले. सासूबाईंनी मागून त्याच्या शर्टाची कॉलर धरली.

"तुम्ही उतरलात तर मीपण उतरणार."

"तुम्हाला झेपणार नाही."

"कुणाला झेपतं ते कोण ठरवतं?"

"मीच ठरवतो. कामच आहे ते माझं. सोडा, शर्ट फाटेल."

लेक धापा टाकत जिना चढून आली. समोर बापाचे लोंबते पाय आणि त्यामागे आजी. ती दोन पावलांवर थांबली.

"बाबा, पाय आत घ्या."

"बाजूला हो."

"मी आलेय ना इथे. इथूनच बोला की."

"अगं बाजूला हो, अंगावर येईन."

सासूबाईंनी कॉलर सोडली. त्याने उडी मारली, अंग पुढे झोकून, गुडघे वाकवून. एक तळवा फरशीला टेकला, एवढंच. बाकी काही झालं नाही.

"बघितलंस?" तो म्हणाला.

लेक त्याच्याकडे बघत नव्हती. "आजी, मागे सरक. पार मागे. भिंतीला टेक." मग त्याला म्हणाली, "हे उघडं टाकून तुम्ही खाली कसे येणार?"

हा प्रश्न त्याच्या डोक्यात आला नव्हता. उघड्या दारापाशी माणूस हवा, नाहीतर दार बंद हवं. थांबलं तर टॅक्सी जाईल. त्याने सासूबाईंकडे पाहिलं.

"लावा," त्या म्हणाल्या. "मी काय, बसलेलीच आहे."

त्याने दार ओढून घेतलं. कुलूप बसल्याचा आवाज आला. बापलेक चार मजले उतरले. ती पुढे, तो मागे. टॅक्सीत बसल्यावर तिने काच खाली केली. त्याने काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "वर जा बाबा. आजी एकटी आहे." टॅक्सी निघाली.

दुसऱ्या कंपनीचा मेकॅनिक यथावकाश आला. त्याने लिफ्ट मजल्याला लावली, तेव्हा सासूबाई मदत केंद्रातल्या मुलीशी बोलत होत्या आणि तिच्या घरी किती माणसं आहेत हे त्यांना कळलं होतं. मेकॅनिकने पूर्वी कधीतरी बसामास्तरच्या वर्गात शिकून घेतलं होतं.

"सर, तुम्ही पण आत होता, असं ऑफिसातून कळलं."

"होतो."

मेकॅनिकने एकदा दाराकडे पाहिलं आणि हत्यारं आवरायला घेतली. या धंद्यात माणसं थोडी आणि फोन फार. आठवड्याच्या आत गोष्ट सगळीकडे झाली. पुढच्या वर्गात त्याने तिन्ही सल्ले नेहमीसारखेच सांगितले, सिनेमावाल्या माणसासकट. मागून एकाने विचारलं, "सर, ज्याला यातलं सगळं कळतं, त्याने काय करायचं?"

"त्यानेही बसायचं."

"तुम्ही बसलात?"

"नाही," तो म्हणाला आणि फळ्यावर कुलपाची आकृती काढायला लागला.

लेकीचा फोन तिकडे पोचल्यापासून रोज येत होता, पण आईच्या नाहीतर आजीच्या फोनवर. रविवारी बायकोने फोन त्याच्या हातात कोंबला. खोली बरी आहे, थंडी आहे, ऑफिस चालत जाण्याइतकं जवळ आहे, असं सगळं तिने सांगितलं.

"मला तुला भेटायचं होतं," तो म्हणाला. "म्हणून उतरलो."

"भेटलो होतो की बाबा. मी दारासमोरच उभी होते."

तिकडे किती वाजले, असं त्याने विचारलं. तिने सांगितलं.