काकडं बशीतच राहिली

कोणी आपुलकीने चौकशी केली की मी सावध होते. साजगावच्या एका कारखान्यात मी चार वर्षं काम करते आहे. तिथे कँटीनमध्ये कोणी नुसतं "काय गं, आज डब्यात काय?" म्हटलं तरी आधी मनात येतं, हिला कशाला हवंय? मैत्रिणी म्हणतात, तुझा स्वभावच संशयी. स्वभाव कसला डोंबलाचा! मला तसं शिकवून वाढवलंय.

आमची वाडी कर्जतच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी. मी लहान असताना तिथे गाडीतून एक साहेब आला. ओट्यावर बसला, पाणी प्यायला, पाण्याची तारीफ केली आणि माझ्या बाला म्हणाला, "काय हो, झरा उन्हाळ्यात आटतो का?" बा फुशारून म्हणाला, "नाय सायेब, कंदीच नाय. बारा मयने पानी." दोन वर्षांत झऱ्याभोवती तारेचं कुंपण आलं, आत फार्महाऊस उभं राहिलं आणि आम्ही लांबच्या विहिरीवरून पाणी आणायला लागलो. तेव्हापासून आईने नियमच केला. "कोनी कायबी इचारू दे, ठावं नाय म्हनायचं. इचारनारा कायतरी न्यायलाच येतो."

एवढं शिकवून तिने मला शाळेत घातलं, जिथे दिवसभर विचारण्याशिवाय दुसरं काही करतच नाहीत.

वाडीतली बाकीची मुलं आश्रमशाळेत राहायला गेली होती. मी सारखी आजारी पडायची, म्हणून मला खालच्या गावातल्या शाळेत धाडलं. वर्गात वाडीवरची मी एकटीच. चार वर्षं मी हजेरीला नुसता हात वर केला. मुलं मला मुकी म्हणायची, म्हणू देत. उत्तरं येत नव्हती असं नाही, वहीत सगळं बरोबर असायचं. पण तोंडाने सांगायचं म्हटलं की वाटे, आपलं काहीतरी आता जाणार. मी मूग गिळून बसायची.

पाचवीला नव्या बाई आल्या. घाटावरच्या. तरुण होत्या आणि गोड बोलायच्या, तेच मला खटकलं. "जेवलीस का? घरी काय केलं होतं? येताना ओढ्याला पाणी होतं का गं?" रोज नवा प्रश्न. बरं, विचारून झालं की एका निळ्या वहीत काहीतरी लिहायच्या. ओढ्याच्या पाण्याची चौकशी झाली तेव्हा माझी खात्रीच पटली. मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "तरी मी म्हनतच व्हते." त्या वहीत काय होतं ते मला आजतागायत कळलेलं नाही.

शाळा सुरू होऊन आठवडाच झाला असेल. बाईंनी रानभाज्यांचं प्रदर्शन ठरवलं आणि मला फळ्यासमोर उभं केलं. "तुम्ही लोक रानात राहता, तुला सगळ्या भाज्या माहीत असतील. सांग बघू वर्गाला." झालं! झरा गेला, आता या रान विचारायला आल्या. मी जमिनीकडे बघत राहिले. मुलं आधी कुजबुजली, मग खिदळायला लागली. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा बाई गडबडल्या आणि जा, बस म्हणाल्या. पुढचे तीन दिवस त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. याचंही मला बरं वाटायला हवं होतं, पण नाही. आता ही काय नवी चाल, म्हणून मी त्यांच्यावर आणखीच नजर ठेवली.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी बाई कर्जतच्या बाजारातून शेवळांची जुडी घेऊन आल्या. शेवळं म्हणजे जूनमध्ये जमिनीतून वर येणारे लांबट कोंब. चवीला मटणाच्या तोंडात मारतील, पण नीट केली नाहीत तर घसा असा खाजतो की माणूस रडकुंडीला येतो. म्हणून त्यांत काकडं घालतात. ही आंबट, हिरवी, बोराएवढी फळं. आमच्या बायका शेवळं विकतात तेव्हा जुडीसोबत मूठभर काकडंही देतातच. ती कशाला दिली हे कोणी सांगत बसत नाही. शेवळं घेणाऱ्याला ते ठाऊक असणारच, असं आम्ही धरून चालतो.

घाटावरच्या बाईंना ते कुठून ठाऊक असणार? त्यांनी काकडं धुतली, बशीत मांडली, पुढे 'रानफळ' अशी सुबक चिठ्ठी लावली आणि बशी प्रदर्शनाच्या टेबलावर ठेवली. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी लेकीच्या बाळंतपणाला मोहोपाड्याला गेल्या होत्या. त्यामुळे भाजी बाई स्वतःच करत होत्या. बाकीची मुलं पताका लावत होती. मी नेहमीप्रमाणे स्वयंपाकखोलीच्या दारात उभी. तिथे कोणी काही विचारत नसे.

भाजी शिजत आली. मी टेबलावर पाहिलं. काकडं बशीतच.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अच्छा! हा सापळा आहे. विचारून काही निघत नाही, म्हणून बाईंनी मुद्दाम चुकीची भाजी केली, काकडं माझ्या डोळ्यांसमोर मांडली आणि आता माझं तोंड उघडायची वाट बघताहेत. घाटावरची झाली म्हणून काय एवढं कळत नाही? मी ओठ घट्ट मिटून घेतले. म्हटलं, बघूच कोण हरतं ते.

शाळेचा नियम होता, शिजलेलं आधी शिक्षकांनी चाखायचं, चवीच्या वहीत सही करायची, मगच मुलांना वाढायचं. पहिलीची पोरं ताटल्या घेऊन रांगेत बसली. बाईंनी चमच्यात भाजी घेतली. मी एकटक बघत होते. नाटक असेल तर या आता हात मागे घेतील. त्यांनी फुंकर मारली, माझ्याकडे बघून हसल्या आणि घास तोंडात घातला. चावला. गिळला. "छान झालीय," म्हणाल्या आणि सहीसुद्धा केली.

बाईंना खरंच माहीत नव्हतं. शेवळांची खाज लगेच येत नाही, मागाहून येते. तेवढ्यात त्यांनी पातेलं उचललं आणि रांगेतल्या पहिल्या पोरीच्या ताटलीत डाव रिकामा केला. पोरीने हात घातला.

"नको खाऊ! ए, नको खाऊ! काकडं नाय टाकली, घसा धरंल!"

एवढा मोठा आवाज कोणाचा, म्हणून मीच दचकले. पताका लावणारी मुलं स्टुलावरून वळून बघायला लागली. मी धावत जाऊन पोरीच्या हातातला घास पाडला. मागे वळले तर बाई गळा धरून खोकत होत्या. डोळे लालभडक झाले होते. मी टेबलावरची काकडं आणून त्यांच्या हातात कोंबली. "चावा. थुकू नका. आनखी चावा." बाईंनी निमूटपणे चावली.

बऱ्याच वेळाने त्यांना बोलता आलं. पायरीवर बसल्या होत्या, मी समोर. त्यांचा आवाज अगदी घोगरा झाला होता. "तुला आधीपासून माहीत होतं ना?"

आईचा नियम जिभेवर आला होता. ठावं नाय. तो मी गिळला. "व्हय," म्हणाले.

"त्या दिवशी मी तुला सगळ्यांसमोर रडवलं. त्याचा राग धरून मला खाऊ दिलंस?"

हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. मी बाईंना पाण्यात पाहत होते तेवढे दिवस बाई माझ्या रागाला भीत होत्या, म्हणून ते तीन दिवस प्रश्न नव्हते! मला इतकी लाज वाटली की पळून जावंसं वाटलं. पण गप्प राहिले असते तर त्यांनी तेच खरं धरलं असतं.

"नाय बाई. राग नव्हता. मला वाटलं, तुमी मुद्दाम केलंय. मी बोलावं म्हनून."

बाईंनी विचारलं, "मग शेवटी बोललीस कशी?"

"तुमी खरंच खाल्लंत म्हनून."