टेपची घडी

शकील मिस्त्रीच्या हातात कसब आहे, हे साखरखेर्ड्यात कोणीही मान्य करील. वायर जोडली की तो काळी टेप गुंडाळतो आणि शेवटचं टोक बोटभर दुमडून ठेवतो. पुढं कोणाला ती उघडायची झाली, तर नखानं खरवडत बसायला नको. ती घडी दिसली की काम शकीलचं, हे गावाला कळतं.

इलेक्ट्रिक सायकली आल्या आणि आम्हा सगळ्यांना शिंगं फुटली. सायकल पंचवीसच्या पुढं पळू नये म्हणून कंपनी वेग बांधून देते. तेवढ्या वेगाला लायसन नको, नंबर नको, विमा नको. शकील एक वायर कापायचा, टोकांना टेप गुंडाळायचा, की सायकल चाळिशीला टेकायची. मग कायद्यानं ती सायकल राहत नाही, मोटारगाडी होते. हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं असं नाही, पण ठाऊक नव्हतं असंही म्हणवत नाही. माझी पिठाची गिरणी त्याच्या दुकानाला लागून. सगळ्यात आधी त्यानं माझ्याच सायकलची वायर कापली, एका चहावर.

तुळशीरामबुवा रिटायर झालेले पोस्टमन. नजर कमी झाली तसं त्यांनी लायसन पुढं वाढवलंच नाही, म्हणून मुलानं ही सायकल घेऊन दिली. पण चढावर शाळेची पोरं हसत पुढं निघून जायची, ते बुवांना झोंबलं. "शकील, माह्याबी सायकलची वायर काप बे." शकीलनं कापली. महिनाभरात बाजाराच्या उतारावर त्यांना सायकल आवरली नाही आणि भाजीवाल्या तानाबाईचं मनगट मोडलं.

पंचनाम्याला ठाणेदारसाहेबांनी ठाण्यात दोन पंच बोलावले. जाणकार म्हणून शकील, आणि समोर सापडलो म्हणून मी. शकीलनं सीटखालचा डबा उघडला. आत काळी टेप होती, टोक बोटभर दुमडलेलं. त्यानं पाहिलं, मी पाहिलं, बुवांनीही पाहिलं.

"वायर कापेल हाय, साहेब," शकील म्हणाला.

"कोणी कापली?"

शकील डब्याचं झाकण लावू लागला. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिलो.

"म्या कापली," बुवा म्हणाले.

ज्या माणसाला उतरलेली साखळी चढवता येत नाही, तो हे म्हणाला. साहेबांनी लिहून घेतलं, आणि आम्ही दोघांनी खाली सह्या ठोकल्या. बुवांवर विनालायसन, विनानंबर, विनाविमा गाडी चालवून दुखापत केल्याची केस झाली. वायर कापल्याचं तर त्यांनी स्वतःच कबूल केलेलं.

आठ दिवस शकील दुकानात मान खाली घालून बसला. मग बुवांच्या घरी गेला. मी दारातच थांबलो, आत जायला तोंड नव्हतं.

"काऊन घेतलं माह्यं अंगावर?" त्यानं विचारलं.

"बाईले धडक म्याच देल्ली ना. तुह्यं नाव घेतलं असतं, तं तुले दुरुस्तीले सायकल कोनं देल्ली असती?"

दुसऱ्या दिवशी शकीलनं गावातल्या सायकली परत घेतल्या आणि सगळ्यांच्या वायरी पुन्हा जोडल्या. फुकट जोडल्या, तरी लोकांनी शिव्याच घातल्या. जुन्या टेपा त्यानं पिशवीत भरल्या. "भाऊराव, ठान्यात चाल्लो," तो मला म्हणाला. मी गिरणी बंद करून मागं निघालो. नुसता सोबतीला, असं स्वतःला बजावत होतो.

त्यानं पिशवी साहेबांच्या टेबलावर उपडी केली. "ह्या घड्या पाहा, साहेब. बुवाच्या सायकलवरची बी माहीच हाय. मी भेलो व्हतो."

साहेबांनी फाईल मागवली. पंचनामा काढला. शकीलच्या सहीवर बोट ठेवलं, त्याच्याकडं पाहिलं. मग बोट एक ओळ खाली सरकलं.

"आणि ही सही कोणाची?"

शकीलनं माझ्याकडं पाहिलं नाही. माझं नाव त्यालाही घेता आलं असतं. ते त्यानं माझ्यावरच सोडलं.