साडूंचा सीडी प्लेयर

आमच्या साडूंना पसंत पडेल असा सीडी प्लेयर अजून पृथ्वीवर तयार झालेला नाही, असं मी बरीच वर्षं येईल त्याला सांगत होतो. डहाणूला त्यांची चिकूची वाडी. फळ जोखावं तसा ते दुकानातला प्लेयर हातात जोखत आणि "हलका हाय, आतून पोकळ असंल" म्हणून खाली ठेवत. वजनात पास झालाच, तर खिशातून रुमालात गुंडाळलेली त्यांची एकुलती एक सीडी निघे. उधवा गावी त्यांच्या बहिणीच्या लग्नात कुणीतरी रेकॉर्ड केलेली सनई. मग दुकानातला पंखा बंद, गिऱ्हाइकं गप्प, आणि साडू डोळे मिटून स्पीकरला कान लावून उभे. सनई संपायच्या आत त्यांची मान नकारार्थी हले.

एकदा एक गुजराती दुकानदार वैतागला. "काका, आवाज एकदम चोख्खा छे! अजून काय पायजे?"

"एवढा चोख्खा नको," साडू म्हणाले. जाताना त्याला चिकूची पिशवी मात्र दिली.

माझी मुलगी म्हणाली, "काका, मोबाईलमध्ये भरून देते."

"मोबाईलवर सनईची पिपाणी होते गं."

हा माणूस मोठा कानसेन आहे, अशी माझी खात्रीच झाली. पाहुण्यांत मी तसं अभिमानाने सांगतही असे.

अखेर तलासरीत माझ्या शेजाऱ्यांनी घर आवरताना एक जुना, धोंड्यासारखा जड प्लेयर बाहेर काढला. मी फोन केला आणि दुपारी साडू सीडीसकट हजर. माझ्या घरचाही पंखा बंद झाला. सनई सुरू झाली. मान हलेना. उलट त्यांनी माझा दंड घट्ट धरला.

"ऐकलंत?"

"हो, सनई सुरेखच..."

"सनई गेली खड्ड्यात! तिच्या मागं ऐका."

मागे पंगत बसली होती. भांड्यांच्या खणखणाटात कुणीतरी घोगऱ्या आवाजात ओरडत होतं, "अरे, भात आणा रे इकडं! पोरं थांबलीत!"

"आमचे बाबा," साडू म्हणाले. "ते गेल्यापासून त्यांचा एवढाच आवाज राहिलाय. बाकी मशिनींवर 'भात'च्या पुढचं कळतच नव्हतं."

पंखा लावायचंही कुणाला सुचलं नाही.

आता तो प्लेयर साडूंच्या घरी, पानं मांडतात त्या खोलीत असतो. मी गेलो की जेवताना सनई लागते. बाबा ओरडले की साडू बोलणं अर्धवट टाकून भाताचं पातेलं माझ्याकडे सरकवतात. पोट कितीही भरलेलं असलं तरी मी ताट पुढे करतो.