किलोभर भाजणीच्या वाट्या

आई गेली त्या वर्षी आमच्या घरी दिवाळीची कढई चढली नाही. वर्ष सरेपर्यंत घरात फराळ करायचा नसतो, शेजारीपाजारी आणून देतात. डहाणूतल्या आमच्या गल्लीतून चकल्यांचेच पाच डबे आले. बाबा प्रत्येक डब्यातला एक तुकडा खायचे आणि झाकण लावून टाकायचे.

पुढच्या, म्हणजे २०१७च्या दिवाळीआधी ते म्हणाले, "यंदा तिच्या चकल्या करू." वर्षभरात त्यांनी स्वतःहून मागितलेली ही पहिली गोष्ट. मी शाळेत भाषा शिकवते. स्वयंपाकात माझा हात बेताचाच. पण या चकल्या बिघडून चालणार नव्हत्या.

आईच्या वहीत एवढंच होतं : भाजणी चार वाट्या, कडकडीत तेलाचं मोहन अर्धी वाटी, मीठ दोन चमचे. गिरणीतून मी दोन किलो भाजणी दळून आणली होती. बाबांची सगळी नोकरी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात झालेली.

"वाटी हे काय माप झालं? वजन काढ," ते म्हणाले.

आईचीच वाटी घेतली. बाबांनी तीत भाजणी भरली, फूटपट्टीने काठाशी सपाट केली आणि काट्यावर ठेवली. वाटीचं वजन वजा जाता नव्वद ग्रॅम. म्हणजे किलोला अकरा वाट्या. त्या हिशेबाने किलोभर भाजणीत मी मोहन घातलं, मीठ घातलं, पीठ मळलं. पहिली चकली तेलात सोडली. तिचे वेढे सुटले, फेस आला आणि कढईत नुसता चुरा राहिला. दुसरीचंही तेच. बाबा झारा धरून उभे होते.

तेवढ्यात काकी आल्या. दर दिवाळीला त्या वेवजीहून येऊन आईबरोबर कढईपाशी बसायच्या. त्यांनी चुरा पाहिला, मग फूटपट्टी पाहिली.

"ही कशाला, बाय?"

मी सगळं सांगितलं.

"पार्सल करून कुठं धाडायची होती का भाजणी?" त्या बाबांना म्हणाल्या. "वाटीला शीग कुठाय?"

"वहीत लिहिलेलं नाही," बाबा म्हणाले.

"ते काय लिहायचं? सपाट माप कोण भरतं? तेलाला शीग येत नाय म्हणून ते सपाट."

त्यांनी वाटीवर डोंगरासारखी भाजणी चढवली. बाबांनी लगेच वजन केलं : सव्वाशे. म्हणजे किलोच्या आठच वाट्या, आणि मोहन मी अकरांचं घातलेलं; जास्तीच्या मोहनानेच चकल्या फुटत होत्या.

"मग अजून तीन वाट्या," बाबा म्हणाले. ते हसत होते. "इतकी वर्षं लोकांची पोती तोलली, आणि घरातली वाटी चुकली."

"शिगेच्या," काकींनी बजावलं.

तीन वाट्या शिगोशीग पडल्या. पीठ पुन्हा मळलं. या वेळी चकली तेलात गेली, वर आली, सोनेरी झाली. एकही वेढा सुटला नाही. काकी पाडत होत्या, मी तळत होते आणि बाबा गरम चकल्यांवर फुंकर घालत ताटाशी घुटमळत होते.

त्यांनी एक तोडून तोंडात टाकली. आम्ही दोघी थांबलो. ते सावकाश चावत राहिले.

"मीठ जरा जास्त आहे," ते म्हणाले.

माझा चेहरा पडला असावा.

"तिच्या चकलीत असायचंच," ते म्हणाले. "मी कधी बोललो नाही एवढंच." आणि त्यांनी दुसरी उचलली.